एप्रिलअखेरचे सामुदायिक लग्न, दुपारचा मुहूर्त आणि चार हजार वऱ्हाडी: उन्हाचा हिशेब कसा करावा?

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, गावाबाहेरच्या मैदानावर एप्रिलच्या शेवटी सामुदायिक विवाह सोहळा आहे. ४० जोडपी, अंदाजे ४,००० वऱ्हाडी, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. मांडव ठरला, पाण्याचे टँकर सांगितले, आरोग्य केंद्राला पत्र दिले. आणखी काय करावे?

आणखी काही करण्याआधी मुहूर्त हलवा. पाणी, पंखे, डॉक्टर हे सगळे त्यानंतर.

१२:३५ चा मुहूर्त म्हणजे प्रत्यक्षात काय, ते घड्याळ लावून पाहा. लांबच्या गावचे टेंपो सकाळी आठला सुटतात, वऱ्हाड दहा-साडेदहाला मैदानात येऊन बसते. प्रमुख पाहुणे बाराऐवजी एकला येतात. मग सत्कार. यादीत चाळीस नावे आणि नावामागे एक मिनिट धरले, तरी पाऊण तास तिथेच गेला. अक्षता पडतात दीड-पावणेदोनला आणि सगळी गर्दी एकदम जेवणाकडे वळते. शेवटची पंगत उठते साडेतीन-चारला. पत्रिकेवर कार्यक्रम अर्ध्या तासाचा, अंगावर ऊन सहा तासांचे, आणि तेही दिवसातले सगळ्यात वाईट सहा तास. जमिनीजवळच्या हवेचे तापमान साधारण अडीच ते चारच्या दरम्यान टोकाला जाते, हे आयोजक विसरतात. बारा वाजता 'एवढे काही ऊन नाही' असे वाटते आणि खरा तडाखा जेवणाच्या रांगेत बसतो.

शेतात चाळीस अंशांत राबणारा माणूस मांडवात का कोसळतो, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर सोपे आहे. शेतावर तो अकराला काम थांबवतो, लिंबाखाली बसतो, हवे तेव्हा पाणी पितो, डोक्याला ओले उपरणे गुंडाळतो. मांडवात त्याच्या अंगात टेरिकॉटचा नवा शर्ट असतो, उठले तर जागा जाईल म्हणून तो बसून राहतो आणि सोयऱ्यांसमोर मधेच निघून जाणे बरे दिसत नाही. घरच्या बायका तर पहाटे चारपासून उभ्या असतात. ऊन किती आहे यापेक्षा त्यातून उठून जायची मुभा किती आहे, यावर जास्त अवलंबून असते. म्हणून पुढच्या प्रत्येक बाबतीत स्वतःला एकच विचारा: यामुळे लोकांचा उन्हातला वेळ कमी होतो का, आणि त्यांना उठून सावलीत जाता येते का?

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या, म्हणजे किनाऱ्याजवळच्या खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला जमलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. त्या दिवशी तिथले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. 'आमच्याकडे बेचाळीस असते, आम्हाला काय होणार' असे मराठवाड्यात आणि विदर्भात म्हणतात, म्हणून आकड्यामागचे गणित सांगतो. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नाही. पाऱ्याच्या टोकाला ओले फडके बांधून वारा दिला की जो आकडा येतो, त्याला आपण ओला पारा म्हणू. हवा ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओला पारा २३ च्या आसपास येतो. हवा ३६ अंश पण आर्द्रता ६० टक्के असेल तर तो २९ पर्यंत चढतो. पुस्तकात माणसाला सोसेल अशी ओल्या पाऱ्याची मर्यादा ३५ लिहिलेली असते, पण निरोगी तरुणांवरच्या चाचण्यांत ती ३१ च्या आसपासच भरली. म्हणजे किनाऱ्यावर ३६ हा आकडा दिसतो त्याहून बराच वाईट. हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून, तर किनाऱ्यावर ३७ पासून करते. तुमच्याकडची कोरडी हवा घाम वाळवते खरी, पण त्यासाठी आधी घाम यायला हवा. पाणी न पिता बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो येतच नाही. कोरड्या उन्हातली फसगत अशी की घाम वाळतो तो दिसत नाही, आणि किती पाणी गेले याचा अंदाज चुकतो.

तर मुहूर्त. आपल्याकडे गोरज मुहूर्ताची सोय आहे, ती वापरा. एप्रिलअखेर मराठवाड्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि गोरजाला कोणी नाक मुरडत नाही. पण नुसती वेळ बदलून भागत नाही. गोरज म्हटले तरी वऱ्हाड दोन-अडीचलाच येऊन टेकते, कारण टेंपो एकदाच मिळतो. म्हणून पत्रिकेवर मुहूर्ताबरोबर 'वऱ्हाडाने पाचनंतर यावे' हे ठळक छापा आणि गाडीवाल्यांना वेळ वेगळी सांगा. ट्रॅक्टरच्या उघड्या ट्रॉलीत भर दुपारी तासभर बसून आलेली माणसे मांडवात पाऊल टाकण्याआधीच अर्धी वाळलेली असतात. ट्रॉलीवर बांबूची कमान करून हिरवी जाळी किंवा जुने सुती कापड ताणा. प्लास्टिकची ताडपत्री नको, तिच्याखाली हवा कोंडते. गाडीमागे २० लिटरचा एक जार द्या. त्यातूनही लवकर येणाऱ्यांसाठी शाळेच्या खोल्या उघडून घ्या, मात्र आदल्या दिवशी दुपारी तीनला स्वतः जाऊन त्यात दहा मिनिटे उभे राहा. पत्र्याच्या खोल्या असतील तर त्यापेक्षा झाड बरे.

गोरजाची एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी: मुहूर्त संध्याकाळचा झाला की आचारी दुपारी बारा ते पाच भट्टीपुढे उभे राहतात. वऱ्हाड वाचले आणि स्वयंपाकी पडला, असे व्हायला नको. भट्टीचा मांडव वेगळा, उंच आणि चारही बाजूंनी उघडा करा. त्याला कनात अजिबात नको. तळणीचे पदार्थ कमी करा. दोन-दोन हजार पुऱ्या तळणाऱ्याच्या तोंडावर तीन तास तेलाची वाफ येत असते. वीस मिनिटे कढईपाशी, दहा मिनिटे पंख्याखाली, अशी पाळी लावा आणि त्यासाठी दोन माणसे जास्त घ्या. हे पैसे मुख्य आचारी स्वतःहून मागणार नाही, तुम्हीच द्या.

मुहूर्त संध्याकाळी नेणे खरोखरच अशक्य असेल तर सकाळचा घ्या, असा की साडेनऊपर्यंत अक्षता पडतील आणि साडेअकरापर्यंत जेवणे उरकतील. दोन्हींपैकी काहीच जमत नसेल तर सत्कार अक्षतांनंतर, लोक जेवत असताना घ्या, आणि पाहुणे आले नाहीत तरी मुहूर्ताला मंगलाष्टका सुरू करायच्या असा ठराव आयोजन समितीच्या बैठकीत लेखी करून ठेवा. तोंडी ठरलेले त्या दिवशी टिकत नाही.

चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज पाहा. पिवळा असेल तर ठरलेली तयारी पुरे. नारिंगी आला की वरात, नाच, मैदानावरची रांग हे सगळे रद्द, आणि वेळ संध्याकाळची नसेल तर ती करायचीच. लाल आला तर तारीख पुढे ढकला. हा निर्णय कोण घेणार, त्या एकाच माणसाचे नाव आधी ठरवा. त्या दिवशी पंधरा जणांची समिती निर्णय घेऊ शकत नाही.

आता मांडव. पैसा इथेच सगळ्यात जास्त जातो आणि इथेच तो वायाही जातो. पहिली चूक क्षेत्रफळाची. खुर्च्या, मधल्या वाटा आणि व्यासपीठापुढची मोकळी जागा धरली तर माणशी दहा चौरस फूट लागतात. ४,००० माणसांना ४०,००० चौरस फूट. आयोजक वीस हजारांचा मांडव घेतात आणि उरलेले दोन हजार लोक कडेला उन्हात उभे राहतात.

दुसरी चूक कापडाची. डेकोरेटरचे झिरझिरीत सॅटिन दिसायला छान, पण ऊन आरपार येते. भाड्याने घेण्याआधी ते भर दुपारी डोक्यावर धरायला लावा आणि खाली हात पसरा. जमिनीवर हाताची रेखीव सावली पडली तर कापड कुचकामी आहे. सगळ्यात चांगले जमते ते दुहेरी छत: वर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी, खाली एक-दीड फूट अंतर सोडून पांढरे कापड. वरचा थर तापतो, मधून वारा वाहतो, खालचा थर गार राहतो. जाळी आणि कापड चिकटून बांधले तर हा फायदा जातो. नुसत्या पत्र्याचा मांडव दुपारी डोक्यावर तवा धरल्यासारखा तापतो. पत्राच वापरायचा असेल तर त्याखाली अंतर सोडून गवताच्या ताट्या किंवा गोणपाट हवे.

उंची किमान १५ फूट. कनाती कमी. चारही बाजूंनी नक्षीदार कनात लावली की फोटो चांगले येतात आणि आत भट्टी होते. एप्रिलअखेरीस तुमच्या भागात सूर्य साडेबाराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा छताखालची सगळी जागा सावलीत असते. पण साडेतीनला तो पंचेचाळीस अंशांवर उतरतो, म्हणजे छताची सावली छताच्या उंचीएवढी पूर्वेकडे सरकते. १५ फुटी मांडवात पश्चिमेकडचा १५ फुटांचा पट्टा तेव्हा उघडा पडतो. नेमके तिथेच उशिरा आलेले, म्हणजे लांबच्या गावचे म्हातारे बसलेले असतात. त्यामुळे कनात फक्त पश्चिमेला, तीही जमिनीपासून तीन फूट वर उचललेली, आणि त्या पट्ट्यात खुर्च्याच मांडू नका. व्यासपीठ पूर्वेला घेतले तर लोकांची तोंडे पूर्वेकडे राहतात, डोळ्यांवर उतरते ऊन येत नाही.

जाळीचा आणखी एक गुण: एप्रिल-मेमध्ये चारनंतर वळवाचे वारे अचानक सुटतात, तेव्हा वारा जाळीतून निघून जातो, पण ताडपत्रीचा मांडव शिडासारखा फुगतो आणि खांब उपटतो. प्रत्येक कोपऱ्याला दुहेरी ताणदोर आणि तीन फूट खोल खुंटी हवीच. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप दोन स्वयंसेवकांच्या फोनवर चालू ठेवा.

पंख्यांबद्दल गैरसमज आहेत. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम हवा फेकतो. घाम नसलेल्या माणसाला तो उलट तापवतो. कोरड्या हवेत फवाऱ्याचे पंखे किंवा कूलर उत्तम चालतात, कारण तुषार वाळताना हवा गार होते. हेच पंखे कोकणात लावले तर दमटपणा वाढवण्यापलीकडे काही करत नाहीत. विदर्भातले वाळ्याचे पडदे चिपळूणला का नेत नाहीत, त्याचे कारणही हेच. फवाऱ्याला पाणी पिण्याच्या प्रतीचे लागते, कारण ते श्वासातून आत जाते. आणि ओली जमीन, उघडे जोड, चाळीस पंखे असे एकत्र आले की ऊन राहते बाजूला आणि विजेचा धक्का बसतो. प्रत्येक फलकावर ३० मिलिअँपिअरची गळती-रोधक स्विच बसवायला लावा, जोड जमिनीपासून वर बांधा. जनरेटरचा धूर मांडवाकडे येणार नाही अशा बाजूला जनरेटर ठेवा.

पाण्याचा हिशेब. बसलेल्या माणसाला तासाला अर्धा लिटर धरा. ४,००० माणसे, पाच तास, म्हणजे १०,००० लिटर निव्वळ पिण्याचे. हात धुणे, भांडी, स्वयंपाक, संडास वेगळे. पाच हजारी दोन टँकर सांगितले असतील तर ते फक्त पिण्यात संपतात. टँकरच्या पाण्यात हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे एका टँकरला २५ ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टँकरमध्ये ओता आणि अर्धा तास थांबून ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची तपासणी, करून घ्या. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते. चाचणीत पिवळा रंग आला नाही तर मात्रा पुन्हा द्यावी लागते.

पाणी असूनही लोक पीत नाहीत, याची कारणे तीन. पहिले, ते गरम असते. काळी टाकी आणि उन्हातला पाइप यातून दुपारी निघालेले पाणी तोंडात धरवत नाही. टाकी सावलीत घ्या, भोवती ओले गोणपाट गुंडाळा, पाइप मातीखाली पुरा. बर्फ घालायचा असेल तर खाण्याचा बर्फच मागा. निळसर छटेचा बर्फ खाण्यासाठी नसतो. तो जारच्या बाहेर लावायला आणि रुग्णाला गार करायला चालतो.

दुसरे, नळ कमी असतात. पेला भरून पुढचा माणूस येईपर्यंत बारा-चौदा सेकंद जातात, म्हणजे एका नळावर तासाला फार तर २६०-३०० पेले. चार हजार माणसांनी तासात दोन-दोन पेले प्यायचे म्हटले तर ८,००० पेले, म्हणजे सुमारे ३० नळ. ते मांडवाच्या तीन बाजूंना वाटून, सावलीत. शिवाय व्यासपीठापुढच्या आणि मधल्या रांगा उठणारच नाहीत हे गृहीत धरा आणि त्यांच्यासाठी जग-पेले घेऊन फिरणारी पोरे ठेवा, शंभर माणसांमागे एक.

तिसरे कारण कोणी बोलत नाही. बायका पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला जागा नसते. सकाळी निघताना घोटभर पितात आणि थेट घरी गेल्यावर पितात. दर शंभर बायकांमागे एक आडोशाचे, आत पाण्याची बादली असलेले, सावलीत असलेले शौचालय नसेल तर तुमचा १०,००० लिटरचा हिशेब कागदावरच राहतो. बायकांची शौचालये पुरुषांच्या तिप्पट ठेवा, मांडवाच्या मागच्या अंगाला पण हाकेच्या अंतरावर. नवऱ्या तर शालूमुळे मुळीच उठत नाहीत. त्यांच्या खोलीला लागूनच सोय करा.

नवरा-नवरीचा उपास हीसुद्धा मोठी गोष्ट. अक्षता पडेपर्यंत तोंडात पाणी न घेणारी नवरी, अंगावर शालू, केसांत गजऱ्याचा भार, वर व्हिडिओवाल्याचा दिवा: मंगलाष्टकांत चक्कर येते ती हिलाच. उपासाला लिंबू सरबत, ताक, पन्हे चालते हे भटजींकडूनच आदल्या दिवशी सांगून घ्या, म्हणजे सासू-आत्या अडवत नाहीत. नवरदेवाची शेरवानी मुहूर्ताच्या अर्धा तास आधी चढवा, सकाळी सातला नको.

पन्हे, कोकम, मीठ-जिरे घातलेले ताक, ज्वारीची आंबील ही सगळी उत्तम. मात्र ताकाचे पिंप उन्हात चार तास ठेवले तर त्यातून पोट बिघडेल आणि जुलाब झालेल्या माणसाला ऊन दुप्पट वेगाने लागेल. शिजलेले अन्न ३२ अंशांच्या वर तासाभरात वाढून संपवायचे. त्यामुळे भात आणि भाजी एकदम न करता दोन-तीन घाण्यांत करा. दुधाचे गोड पदार्थ टाळून बुंदी-लाडूवर भागवा.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी पुडी २०० मिलीत. मोठी पुडी पेल्यात कालवून देणे ही नेहमीची चूक, त्याने उलटी होते आणि लहान मुलाला अपायही होतो. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. सगळ्यांनाच ओआरएस पाजायची गरज नाही, ते दमलेल्यांसाठी आणि राबणाऱ्यांसाठी. आणि उलट टोकही गाठू नका: नुसते पाणी तासाला दीड लिटरहून जास्त पिणाऱ्याच्या रक्तातले मीठ उतरते.

डोक्याला सुती उपरणे, पदर किंवा टोपी, ते ओले असेल तर फारच छान. क्रीमने कातडी भाजणे टळते, उष्माघात टळत नाही. खिशातला कांदा राहू द्या, त्याचा त्रास नाही. फक्त कांदा शोधण्यात वेळ घालवू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणी नाही, आईचे दूध वारंवार. आणि 'झोपलंय, राहू द्या' म्हणून बाळाला बंद गाडीत ठेवू नका: उन्हातल्या गाडीत दहा मिनिटांत दहा अंश वाढतात. लघवीच्या, रक्तदाबाच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांना ऊन लवकर लागते. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, या माणसांना पंख्याजवळ बसवायचे.

एवढे करूनही कोणीतरी पडणार, हे धरून चाला. मांडवाला लागून, गाडी थेट येईल अशा बाजूला, दोन ठिकाणी गारवा-कक्ष करा. प्रत्येकात २०० लिटरचे भरलेले दोन पिंप, थर्माकोलच्या पेटीत ५० किलो बर्फ, ८ बाय १० फुटांची जाड ताडपत्री, सहा सुती चादरी, दोन पंखे, चार खाटा, मग-बादल्या, ओआरएस आणि आडोशाची कनात. डॉक्टर आणि परिचारिका आरोग्य केंद्राकडून मागवा. १०८ ला कार्यक्रमाचे ठिकाण आणि कच्च्या रस्त्याच्या खुणा आधीच कळवा. रुग्णवाहिकेपुढे पाहुण्यांच्या गाड्या लागणार नाहीत यासाठी एक माणूस केवळ त्याच कामाला उभा करा.

ओळखायचे कसे? पायात गोळे, मळमळ, डोके दुखणे, भरपूर घाम, थकवा, पण माणूस नीट बोलतोय: सावलीत आडवे करा, पाय उंच, कपडे सैल, ओआरएस घोट-घोट. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखाना. पण त्याला विचारा, "लग्न कोणाचं आहे? गाव कोणतं?" उत्तर चुकले, बरळला, तोल गेला, चिडचिडला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघातच समजायचा. अंग कोरडे असायलाच हवे असे नाही. नाचून पडलेल्या पोराचे अंग घामाने चिंब असते आणि आतून तापमान ४० च्या वर गेलेले असते. कपाळावर धरायचा मापक त्या वेळी ३८ दाखवेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

इथे नियम एक: आधी गार करायचे, मग हलवायचे. गाडीत घालून तालुक्याला धावायचे म्हणजे हाताशी असलेला अर्धा तास वाया घालवायचा. एकाने १०८ लावावा, बाकीच्यांनी लगेच गार करायला लागावे. माणूस ताडपत्रीवर मधोमध घ्या. चौघांनी कडा उचलून त्याची हौदी करा, डोक्याकडची बाजू जरा उंच, तोंड-नाक पाण्याबाहेर, आणि एकाने फक्त डोके धरायचे. आता १०० ते १५० लिटर पाणी आणि वीसेक किलो फोडलेला बर्फ आत ओता आणि ताडपत्री हळूहळू हलवत राहा, म्हणजे अंगाजवळचे तापलेले पाणी सरकत राहते. १० ते १५ मिनिटांत फरक दिसतो. माणूस शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला किंवा हुडहुडी भरली की बाहेर काढा. बर्फ नसेल तर गार पाणी सतत ओतत राहा आणि पंख्याचा झोत द्या. ओली चादर नुसती पांघरून ठेवली तर ती दोन मिनिटांत गरम होते, ती सारखी बदलावी लागते. वृद्ध किंवा हृदयरोगी माणसाला हौदीऐवजी हेच ओतणे-वारा देणे आणि मान, काख, जांघेत बर्फाच्या पिशव्या. उलटी झाली तर लगेच कुशीवर.

बाई असेल तर कनात धरा, बाया स्वयंसेविका पुढे घ्या आणि लाजेपोटी वेळ घालवू नका: परकराची नाडी, ब्लाउजची वरची हुक, कंबरपट्टा सैल करा, दागिने काढून नातेवाइकाच्या हाती मोजून द्या.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, ग्लुकोज काहीही नाही. ते फुप्फुसात जाते. पॅरासिटॅमॉल नाही, हा तापाचा प्रकार नाही, गोळी काम करत नाही आणि तापलेल्या यकृतावर भार टाकते. 'सलाइन लावा, सलाइन लावा' असा गलका होईल. सलाइन डॉक्टर ठरवतील, पण अंग गार करण्याचे काम त्याने होत नाही. गर्दी दहा फूट मागे. रुग्णवाहिकेत देताना कधी पडला, किती वेळ गार केले, काय औषधे घेतो, हे चिठ्ठीवर लिहून द्या. शुद्धीवर आलेलाही दवाखान्यात गेलाच पाहिजे. मूत्रपिंड आणि यकृताचा त्रास दुसऱ्या दिवशी उमटतो.

निवेदकाला दर वीस मिनिटांनी एक वाक्य द्या: "पाणी प्या, ज्यांना अस्वस्थ वाटतंय त्यांनी खुशाल उठून डाव्या हाताच्या पांढऱ्या कनातीत जावं." 'खुशाल' हा शब्द महत्त्वाचा. बॅण्डवाल्यांना जाड गणवेश उतरवून साध्या शर्टात वाजवू द्या. वरात नेहमीसारखी चारला काढू नका, सहाच्या आत ढोलावर टिपरू पडायला नको.

सगळ्यात दुर्लक्षित माणसे मांडववाल्याची. ती चार दिवस आधीपासून भर दुपारी बांबूवर चढलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी, आयोजक घरी झोपलेले असताना, तोच मांडव उन्हात सोडतात. करारातच लिहा: काम सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर. आणि गारवा-कक्षातला एक पिंप, बर्फाची पेटी आणि ती ताडपत्री मांडवाचा शेवटचा बांबू गाडीत चढेपर्यंत जागेवर राहू द्या.